‘हेलियांद’ आणि सॅक्सनांचे धर्मांतर : सीमाप्रदेशातील धर्मभाषेचा एक अभ्यास

१

इसवी सन ७७२ मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याने सॅक्सनांच्या मुलखावर स्वारी केली, एरेसबुर्ग हा त्यांचा किल्ला घेतला, ‘इर्मिनसूल’ नावाचा त्यांचा पूज्य स्तंभ पाडला आणि तेथे साठविलेले सोने-रुपे लुटून नेले. येथून सुरू झालेले युद्ध मधूनमधून खंड पडत ८०४ पर्यंत चालले. आरंभी ख्रिस्ती फ्रँक राज्याची या बाजूची सीमा ऱ्हाइन नदीपासून फारशी दूर नव्हती. अखेरीस ती एल्ब नदीला जाऊन भिडली. आजच्या जर्मनीचा वायव्य भाग या युद्धात ख्रिस्ती जगात सामील झाला, आणि तो कसा सामील झाला याविषयी त्या काळच्या लेखकांनीही फारसा आडपडदा ठेवलेला नाही. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड सरळ सांगतो की भुतांची पूजा टाकावी, ख्रिस्ती धर्म व त्याचे संस्कार स्वीकारावेत आणि फ्रँकांशी मिळून एक जनसमूह व्हावे, या अटींवर युद्ध संपले. धर्मांतर ही तहाची एक अट होती.

राजकीय इतिहासाच्या दृष्टीने प्रकरण येथे संपते. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ते येथे सुरू होते. युद्ध संपल्यावर जेमतेम एका पिढीच्या आत, सुमारे ८३० च्या सुमारास, याच जिंकल्या गेलेल्या लोकांच्या भाषेत ख्रिस्तचरित्रावर ५,९८३ ओळींचे एक काव्य रचले गेले. काव्याला मूळ नाव नाही. १८३० मध्ये त्याची पहिली संपूर्ण आवृत्ती सिद्ध करणारे योहान आंद्रेआस श्मेलर यांनी त्याला ‘हेलियांद’, म्हणजे ‘तारणहार’, हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. तलवारीने लादलेल्या धर्माविषयी, तलवारीच्या जखमा ओल्या असताना, जितांच्या भाषेत आणि जितांच्याच वीरगीतांच्या छंदात एवढे समर्थ काव्य निर्माण व्हावे, ही गोष्ट साधी नव्हे.

या कोड्याचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकापासून प्रचलित आहे. १८४५ मध्ये ए. एफ. सी. फिल्मार यांनी ‘हेलियांद’मधील जर्मन प्राचीन आचारविचार वेचून दाखविले, आणि तेव्हापासून ‘ख्रिस्ती धर्माचे जर्मनीकरण’ हा शब्दप्रयोग विद्वानांच्या बोलण्यात रुळला. रोमने सॅक्सनांना जिंकले, पण सॅक्सनांच्या आत्म्याने रोमच्या धर्माला जिंकले, असे काहीसे या उत्तराचे स्वरूप आहे. ते ऐकावयास गोड वाटते. जितांच्या साहित्याकडे पाहताना असे सांत्वनपर सूत्र हाती लागले की ते सोडवत नाही, हा अनुभव भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनाही नवा नाही. परंतु ‘सॅक्सनांचा आत्मा’ म्हणताना नेमक्या कोणत्या सॅक्सनांचा, हा प्रश्न त्यात विचारला जात नाही. धर्मांतरासाठी वापरले गेलेले शब्द सॅक्सन होते, यात संशय नाही. पण ते सगळ्या सॅक्सनांचे सारखेच होते काय? प्रस्तुत लेखात हा प्रश्न पुढे ठेवावयाचा आहे.

२

प्रथम कायदा. ७८२ मध्ये सॅक्सनांनी फ्रँक सैन्याचा मोठा पराभव केला. त्यानंतर व्हर्डन येथे एका दिवसात ४,५०० सॅक्सनांचा शिरच्छेद करण्यात आला, असे राजदरबारच्या बखरीत नमूद आहे. या आकड्याविषयी इतिहासकारांत वाद आहे. पण तो आकडा शत्रूने रचलेला नसून खुद्द विजेत्याच्या बखरकाराने नोंदविलेला आहे, हे विसरता येत नाही. (१९३५ साली नाझी राजवटीने व्हर्डनजवळ ४,५०० शिळांचे स्मारक उभारले. मृतांची आठवण कोण कशासाठी ठेवतो याचा हा एक अप्रिय नमुना होय.) बंडाचा नायक विदुकिंद ७८५ मध्ये शरण आला. आतिन्यी येथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि शार्लमेन स्वतः त्याचा धर्मपिता झाला.

याच सुमारास सॅक्सन प्रदेशासाठी काढलेले एक शासन उपलब्ध आहे. त्यात मृत्युदंडास पात्र ठरणाऱ्या अपराधांची यादी आहे : बिशपाला किंवा पाद्र्याला ठार मारणे, चर्चमध्ये बळाने शिरून चोरी करणे, ख्रिस्ती धर्माला तुच्छ लेखून उपवासकाळात मांस खाणे, जुन्या चालीप्रमाणे प्रेत जाळणे, बाप्तिस्मा न घेता लपून राहणे. मूल जन्मल्यापासून वर्षाच्या आत त्याचा बाप्तिस्मा न केल्यास दंड होता. तो कुलीनाला १२० सोलिदी, सामान्य स्वतंत्र माणसाला ६० आणि अर्धस्वतंत्र कुळाला ३०. प्रत्येक चर्चला त्या भागातील लोकांनी जमीन द्यावी, दर १२० माणसांमागे एक दास व एक दासी द्यावी, आणि सर्वांनी उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावा, असेही त्यात आहे.

प्रेत जाळण्याबद्दल देहदंड हे कलम भारतीय वाचकाला थबकविल्याशिवाय राहणार नाही. परंतु लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती दंडाची पायरी. सॅक्सन समाज तीन थरांचा होता : कुलीन ‘एदेलिंग’, स्वतंत्र शेतकरी ‘फ्रिलिंग’ आणि जमिनीला बांधलेले अर्धस्वतंत्र ‘लात्स’. लेबुइन या धर्मप्रचारकाचे चरित्र म्हणते की पूर्वी मार्क्लो येथे दरवर्षी भरणाऱ्या सभेत तिन्ही थरांचे प्रतिनिधी येत. हे वर्णन कितपत शब्दशः घ्यावे याविषयी मतभेद आहेत; पण त्याच शासनाने राजाच्या आज्ञेवाचून सार्वजनिक सभा भरविण्यास मनाई केली, हे निश्चित. सभा गेली आणि तिच्या जागी राजाने नेमलेला काउंट आला. हे काउंट पुष्कळदा सॅक्सन कुलीनच होते. कुलीन वर्गाने बाप्तिस्म्याबरोबर अधिकार आणि जमीन मिळविली. खालच्या दोन थरांच्या वाट्याला बाप्तिस्म्याबरोबर दशमांश आला.

हे त्या काळी कोणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. शार्लमेनच्या दरबारातील इंग्रज विद्वान आल्क्विन याने ७९६ मध्ये लिहिलेली पत्रे या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखी आहेत. आवार लोकांवरील विजयानंतर त्यांच्या धर्मांतराचा प्रश्न निघाला, तेव्हा त्याने सॅक्सनांचे उदाहरण धोक्याची सूचना म्हणून पुढे केले. श्रद्धा ही इच्छेची गोष्ट आहे, बळाची नव्हे. माणसाला बाप्तिस्म्याला ओढून आणता येते, श्रद्धेला नाही. आणि दशमांशाच्या वसुलीनेच सॅक्सनांची श्रद्धा उलथवून टाकली असे बोलले जाते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. ‘उपदेशक’ आणि ‘लुटारू’ या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांत एका अक्षराचाच फरक आहे. त्यावर कोटी करून, धर्मोपदेशकांनी पहिले व्हावे, दुसरे नव्हे, असे तो बजावतो. ७९७ च्या दुसऱ्या शासनात शिक्षा बऱ्याच सौम्य झाल्या. दशमांश मात्र राहिला.

३

आता शब्दांकडे वळू. आठव्या शतकाच्या अखेरचे बाप्तिस्म्याच्या शपथेचे एक जुने सॅक्सन वळणाचे टिपण व्हॅटिकनच्या ग्रंथालयातील एका हस्तलिखितात आहे. ते प्रश्नोत्तररूप आहे. पाद्री विचारतो, तू सैतानाचा त्याग करतोस काय, आणि दीक्षार्थी उत्तर देतो. लॅटिन नमुन्यात सैतान, त्याची कृत्ये आणि त्याचा डामडौल एवढाच त्याग असतो. येथे मात्र थुनाएर, वोदेन आणि साक्सनोत या तीन देवांची नावे घेऊन, त्यांच्या साऱ्या अपवित्र साथीदारांसह, त्यांचा त्याग करावा लागतो. साक्सनोत हा बहुधा सॅक्सन जमातीचा स्वतःचा देव असावा. इंग्लंडातील एसेक्सच्या राजघराण्याच्या वंशावळीत तो मूळपुरुष म्हणून येतो. तेव्हा या शपथेत केवळ देव बदलत नव्हता; पूर्वजही टाकावा लागत होता.

याच शपथेत सैतानाच्या पूजेसाठी ‘गेल्द’ हा घटक असलेला शब्द आहे. ‘गेल्द’ म्हणजे देणे, फेड, आणि त्यावरून देवाला द्यावयाचा बळी. आजच्या जर्मनमध्ये पैशाला जो शब्द आहे तो हाच. जुन्या देवांना जे द्यावयाचे ते ‘गेल्द’, आणि ते आता गुन्हा ठरले. नव्या देवाच्या चर्चला धान्याचा व जनावरांचा दहावा वाटा मात्र द्यावयाचाच होता. देण्याचे नाव बदलले, हात तोच राहिला. शेतकऱ्याने हा विरोधाभास अनुभवला असेल की नाही याचा लेखी पुरावा नाही. आल्क्विनच्या पत्रांवरून तो अनुभवला असावा असे मानण्यास जागा आहे.

धर्मभाषेच्या सीमा राज्याच्या सीमांहून निराळ्या असतात, याचे याहून सुंदर उदाहरण ‘पवित्र आत्मा’ या संज्ञेत सापडते. जर्मन भाषाकुलात ‘पवित्र’ या अर्थाचे दोन जुने शब्द होते : ‘वीह’ आणि ‘हेलाग’. चौथ्या शतकात बायबलचे गॉथिक भाषांतर करणाऱ्या वुल्फिलाने पहिल्याचाच गॉथिक भाऊ स्वीकारला होता. जर्मन प्रदेशाच्या दक्षिण भागातील जुन्या ग्रंथांत पवित्र आत्म्याला ‘वीह आतुम’ म्हणतात. ‘आतुम’ म्हणजे श्वास, आणि संस्कृत ‘आत्मन्’शी त्याचे नाते भाषाशास्त्राला मान्य आहे. उत्तरेकडे, जेथे इंग्लंडातून आलेल्या धर्मप्रचारकांचे वळण रुजले, तेथे ‘हेलाग गेस्त’ ही जोडी आली आणि शेवटी तिनेच सर्वत्र बाजी मारली. दोन्ही बाजू एकाच राजाच्या छत्राखाली होत्या, एकाच पोपला मानत होत्या. तरी एका संज्ञेच्या बाबतीत कितीतरी काळ त्यांच्यामध्ये एक अदृश्य रेघ होती. ती रेघ सैन्याने आखलेली नव्हती.

चर्चची अधिकृत भाषा लॅटिन असली तरी लोकभाषेला दार अगदीच बंद नव्हते. ७९४ च्या फ्रँकफुर्ट येथील धर्मसभेने, देवाची प्रार्थना केवळ तीनच भाषांत करता येते असे कोणी मानू नये, असा स्पष्ट ठराव केला. ८१३ मध्ये तूर येथील सभेने प्रवचने लोकांच्या बोलीत समजावून सांगावीत असे फर्मावले. अर्थात प्रार्थना आणि प्रवचन वेगळे, उपासनाविधी वेगळा. ८६३ मध्ये सिरिल व मेथोडियस हे बंधू मोराव्हियात आले आणि स्लाव्ह भाषेत विधी करू लागले, तेव्हा बव्हेरियाच्या बिशपांना तो आपल्या क्षेत्रावरचा हल्ला वाटला आणि त्यांनी पुढे मेथोडियसला अडीच वर्षे कोंडून ठेवले. भाषेचा प्रश्न अधिकाराचा प्रश्न झाला की सहिष्णुता कोठे संपते, ते येथे दिसते.

४

‘हेलियांद’चा कर्ता कोण, हे माहीत नाही. १५६२ मध्ये छापल्या गेलेल्या एका लॅटिन प्रस्तावनेत ‘लुडोविकुस’ नावाच्या सम्राटाने एका नामांकित सॅक्सन कवीकडून बायबल लोकभाषेत पद्यबद्ध करविले असे म्हटले आहे. ती प्रस्तावना या काव्याशी जोडली जाते, आणि लुडोविकुस म्हणजे शार्लमेनचा पुत्र धार्मिक लुई की नातू जर्मन लुई, यावर वाद चालत आला आहे. काव्य तातियनच्या एकत्रित शुभवर्तमानावर आधारलेले आहे, आणि फुल्दाचा मठाधिपती ह्राबानुस माउरुस याने ८२२ च्या सुमारास पूर्ण केलेल्या मत्तयावरील भाष्याची छाया त्यावर आहे. म्हणजे कर्ता, किंवा त्याच्या शेजारी बसणारा कोणी, चांगला व्युत्पन्न होता. दुसरीकडे छंद आणि शब्दसंपत्ती पाहता तो मौखिक वीरगीतांत मुरलेला होता.

असा माणूस घडत कसा असेल? म्युन्स्टरचा पहिला बिशप लिउडगर याच्या चरित्रात बेर्नलेफ नावाच्या आंधळ्या फ्रिसियन गायकाची हकीकत आहे. पूर्वजांचे पराक्रम आणि राजांची युद्धे तो गाऊन सांगत असे व शेजाऱ्यापाजाऱ्यांचा लाडका होता. लिउडगरने त्याला दृष्टी दिली आणि मग स्तोत्रे शिकविली. पुढे बंडाळीत धर्मप्रचारकांना पळावे लागले, तेव्हा हाच बेर्नलेफ घरोघर जाऊन, आयांची समजूत घालून, मरू घातलेल्या बालकांचा बाप्तिस्मा करीत फिरला. चमत्कार बाजूला ठेवला तरी एवढे उरते की सीमेवरच्या चर्चला गायक हवा होता, आणि तो गायक जुनी विद्या गळ्यात घेऊनच आत आला होता.

‘हेलियांद’मध्ये ख्रिस्त हा ‘द्रोहतिन’ आहे. ज्याच्याभोवती शपथबद्ध योद्ध्यांचा मेळा जमतो आणि जो त्यांना रक्षण, अन्न व दान देतो, तो द्रोहतिन. शिष्य त्याचे ‘थेगन’, म्हणजे निष्ठावंत सेवक-योद्धे, आणि तेही कुलवान. बेथलेहेम, नाझरेथ, जेरुसलेम ही सारी ‘बुर्ग’, तटबंदीची ठाणी. ख्रिस्तजन्माची वार्ता मेंढपाळांऐवजी रात्री घोडे राखणाऱ्या सेवकांना मिळते. ख्रिस्त चाळीस दिवस वाळवंटात न जाता घनदाट अरण्यात जातो. गालील सरोवरातील होडी उंच शिंगाड्या नाळेचे जहाज होते. पॅलेस्टाइनचे हे सॅक्सन रूप डोळ्यांत भरते, आणि फिल्मार यांच्यापासून १९८९ मधील जी. रोनाल्ड मर्फी यांच्या अभ्यासापर्यंत त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

या काव्याचा कणा तपासावयाचा तर मूळ शुभवर्तमानात ज्या जागा अगदी लहान आहेत आणि कवीने ज्या फुलविल्या आहेत, त्या पाहाव्यात. लाझरसला उठविण्यासाठी ख्रिस्त शत्रूंच्या मुलखात निघतो, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानात थोमा एका वाक्यात म्हणतो की आपणही जाऊ आणि त्याच्याबरोबर मरू. कवीने याचे भाषण केले आहे. धन्याबरोबर उभे राहणे आणि अंताच्या वेळी त्याच्याबरोबर पडणे हाच थेगनचा मान, मग मागे लोकांत त्याचे बरे नाव राहते, असा त्याचा आशय. गेथसेमानीत पेत्र तलवार उपसतो तो प्रसंग तर रणगीतच झाला आहे. पेत्राच्या अंतःकरणात क्रोध उसळतो, त्याला वाचा फुटत नाही, आणि शत्रूच्या कानावर घाव पडून रक्त वाहू लागते. यानंतर ख्रिस्त त्याला तलवार म्यान करावयास सांगतो, आणि हे सांगणे कवीने टाळलेले नाही. दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा मात्र त्याच्या डोंगरावरील प्रवचनात नाही, आणि जेरुसलेममध्ये ख्रिस्त गाढवावर बसून येत नाही. शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा ठेवून गालाची आज्ञा गाळणे ही निवड डोळसपणे केलेली दिसते. आपल्या श्रोत्यांना काय पेलेल आणि काय हास्यास्पद वाटेल याचा अंदाज तिच्यामागे आहे.

परंतु माझ्या मते सर्वांत बोलकी जागा आणखी निराळी आहे. अडखळविणारा डोळा उपटून टाकावा, या वचनाचा अर्थ लावताना कवी, भाष्यकारांच्या मागोमाग, डोळा म्हणजे आप्त असे सांगतो : आप्त कितीही जवळचा असो, तो पापाकडे ओढू लागला तर त्याला दूर लोटावे. अर्थ परंपरेतला आहे. पण सॅक्सन श्रोत्यांपुढे त्याचे वजन वेगळे. त्यांच्या समाजात वैर, सूड, भरपाई, शपथेची साक्ष, सारे काही गोत्राच्या बळावर चाले. कवीने स्वामिनिष्ठेची भाषा जशीच्या तशी उचलली, किंबहुना उंच केली. गोत्रनिष्ठेची भाषा मात्र मोडून काढली. ‘जर्मनीकरण’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हे निसटते. जुन्या मूल्यांपैकी जी नव्या राज्यरचनेला मानवणारी होती, म्हणजे धन्याशी एकनिष्ठा, तीच ख्रिस्ताच्या दरबारात शिरली. शार्लमेनच्या राज्यातही माणसाचे पहिले नाते धन्याशी असावे, भाऊबंदांशी नव्हे, अशीच अपेक्षा होती. काव्य खोटे आहे, आज्ञेवरून लिहिलेला प्रचार आहे, असा याचा अर्थ नव्हे. पेत्राच्या नाकारण्याच्या प्रसंगी एवढा निष्ठावंत माणूस देवाने का पडू दिला, याची कवीने जी तळमळीने उकल केली आहे, ती आज्ञेवरून लिहिता येत नाही. पण खरी कविताही एका विशिष्ट दिवाणखान्यात गायिली जाते.

येथे मराठीच्या अभ्यासकाला फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. साष्टीतील रायतूर येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेले हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे काव्यही बळाच्या सावलीत जन्मले. कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्यावर पोर्तुगीजांनी कठोर सूड उगविला, तो १५८३ चा प्रसंग त्याच्या अवघी तेहतीस वर्षे आधीचा. जुनी पुराणे हिरावली गेली, त्यांच्या जागी काहीतरी हवे, या गरजेचा उल्लेख खुद्द पुराणाच्या आरंभी आहे. साम्य एवढे की दोन्ही ठिकाणी नवा धर्म जुन्या छंदात आला. भेद अधिक बोधप्रद आहेत. स्टीफन्स हा परदेशी, पण त्याला तीन शतकांहून जुनी लिखित मराठी परंपरा तयार मिळाली. ‘वैकुंठ’ हा शब्द त्याने घेतला तेव्हा त्याच्यामागे संतांची सारी वाणी उभी होती. सॅक्सन कवी बहुधा घरचा, पण त्याच्यामागे लिखित असे काहीच नव्हते. गाणे होते, आणि ते सरदाराच्या ओसरीवरचे होते. ओवी जात्यावरही होती आणि ज्ञानदेवांच्या ग्रंथातही. ‘हेलियांद’चा छंद मात्र आपल्यापर्यंत योद्ध्यांच्या गीतांतूनच पोहोचला आहे. त्यामुळे स्टीफन्सला शब्दांची निवड करावी लागली. सॅक्सन कवीला ती निवड समाजाने आधीच करून दिली होती.

५

‘हेलियांद’नंतर सुमारे दहाच वर्षांनी, ८४१ मध्ये, सॅक्सनीत बंड उसळले. लुईच्या पुत्रांत गादीसाठी भांडण लागले होते, आणि थोरला लोथार याने फ्रिलिंग आणि लात्स या थरांना वचन दिले की मला साथ द्याल तर मूर्तिपूजक असतानाचा तुमचा जुना कायदा तुम्हांला परत मिळेल. हा वृत्तान्त निथार्डने दिला आहे. हा निथार्ड शार्लमेनच्या मुलीचा मुलगा; जर्मन व फ्रेंच या भाषांच्या इतिहासात अमर झालेल्या ८४२ च्या स्ट्रासबुर्गच्या शपथाही त्यानेच मुळातल्या बोलींत उतरवून ठेवल्या आहेत. तो म्हणतो की या लोकांनी स्वतःला ‘स्टेलिंगा’ हे नवे नाव घेतले, आपल्या धन्यांना जवळजवळ देशोधडीला लावले आणि पूर्वजांप्रमाणे ज्याला जो कायदा आवडेल तसे राहू लागले. ८४२ मध्ये जर्मन लुईने हे बंड मोडले. ‘आनाल्स बेर्तिनियानी’ या बखरीप्रमाणे १४० जणांचा शिरच्छेद झाला, १४ जणांना फाशी दिले आणि असंख्यांचे अवयव तोडले.

हे बंड धर्माविरुद्ध होते की धन्यांविरुद्ध, असा वाद इतिहासकार घालतात. मला हा पर्यायच चुकीचा वाटतो. ज्या धर्मात देव धनी आहे, शिष्य धन्याचे कुलवान योद्धे आहेत आणि पाप म्हणजे धन्याशी बेइमानी, तो धर्म ऐकणाऱ्या लात्सने धनी आणि धर्म यांत फरक करावा तरी कोणत्या शब्दांनी? त्याला द्रोहतिन नव्हता. त्याला जमीनमालक होता. जे रूपक एदेलिंगाला उंचावीत होते तेच त्याला खाली दाबीत होते. ‘स्टेलिंगा’ या शब्दाचा अर्थ बहुधा ‘सोबती’, ‘एकत्र उभे राहणारे’ असा काहीसा आहे. त्यात वरखालीचे नाते नाही, बरोबरीचे आहे. त्या लोकांचे एकही गाणे किंवा वाक्य उरलेले नाही. हे एक नाव तेवढे उरले आहे, आणि तेही त्यांच्या शत्रूच्या लेखणीतून.

वरच्या थरात धर्मांतर किती खोलवर गेले होते याचा पुरावा मात्र भरपूर आहे. ८५१ मध्ये विदुकिंदाचा नातू वाल्टबेर्ट याने रोमहून संत अलेक्झांडरच्या अस्थी आणून विल्डेसहाउझन येथे स्थापिल्या. गंमत अशी की इर्मिनसूल स्तंभाची सर्वांत महत्त्वाची माहिती आपल्याला या अस्थींच्या यात्रेच्या वृत्तान्तातच मिळते. पाडलेल्या स्तंभाची स्मृती पाडणाऱ्यांच्या धर्माने सांभाळली. आणि शतक संपता संपता एका अनामिक सॅक्सन कवीने लॅटिन पद्यात शार्लमेनला सॅक्सनांचा प्रेषित म्हणून गौरविले. व्हर्डनचे नातू-पणतू हे लिहीत होते, हे पाहून मन थोडे चरकते. पण ज्यांचे घर नव्या व्यवस्थेवर उभे राहिले त्यांची कृतज्ञता खोटी मानण्याचेही कारण नाही.

६

सीमा मात्र थांबली नव्हती. मुळात ती धर्माची सीमा म्हणून कधीच सरळ नव्हती. ८०४ मध्ये शार्लमेनने एल्बपलीकडील सॅक्सनांना बायकामुलांसह उचलून फ्रँक मुलखात नेले. आइनहार्ड एल्बच्या दोन्ही तीरांवरून नेलेल्यांचा आकडा दहा हजार देतो. रिकामा झालेला पलीकडचा प्रदेश अबोद्रित या स्लाव्ह जमातीला दिला गेला. अबोद्रित तेव्हा ख्रिस्ती नव्हते. ते फक्त दोस्त होते. बाप्तिस्मा घेतलेल्यांना हुसकून त्यांची जमीन मूर्तिपूजकांना देताना राजाला धर्माची अडचण वाटली नाही.

शंभर वर्षांनंतर चित्र उलटे झाले. ९१९ मध्ये सॅक्सन हाइनरिख जर्मन राजा झाला, ९६२ मध्ये त्याचा पुत्र ओटो रोममध्ये सम्राट झाला, आणि ९६८ मध्ये एल्बच्या काठी माग्देबुर्गला आर्चबिशपचे पीठ स्थापन झाले. आता धर्म देणारे सॅक्सन होते आणि घेणारे नदीपलीकडचे स्लाव्ह. दशमांश, किल्ले, ठाण्याठाण्यांवर बिशप ही रचना तीच राहिली. ९८३ मध्ये स्लाव्हांनी उठाव करून हावेलबेर्ग आणि ब्रांडेनबुर्ग ही बिशपांची ठाणी उद्ध्वस्त केली आणि एल्बपलीकडची धर्माची सीमा पुन्हा मागे हटली, ती बाराव्या शतकापर्यंत.

याच सीमेवरील मेर्सेबुर्गचा पहिला बिशप बोझो. तो ९७० मध्ये वारला. त्याची एक हकीकत त्याच पीठावर पुढे बसलेल्या थीटमारने आपल्या बखरीत लिहून ठेवली आहे. बोझो हा भला माणूस असावा. लोकांना समजावे म्हणून त्याने उपदेशाची वाक्ये स्लाव्ह भाषेत लिहून काढली होती, आणि ‘हे प्रभो, दया कर’ या अर्थाची ग्रीक प्रार्थना, ‘किरिए एलेइसोन’, म्हणण्याचा तो त्यांना आग्रह करी व तिचा लाभ समजावून सांगे. त्या लोकांनी थट्टेने तिचे ‘उक्रिवोल्सा’ केले. त्यांच्या बोलीत याचा अर्थ, झुडपांत आल्डरचे झाड उभे आहे. असे म्हणून ते वर सांगत, बोझोनेच आम्हांला हे शिकविले आहे. आणि थीटमार, जो स्वतः सॅक्सन होता, तक्रारीच्या सुरात लिहितो की बोझोने काही निराळेच शिकविले होते.